मृतदेह काढायला जाताना जिवंतांनी किती धोका पत्करावा?

घाटमाथा

पावसाळा तोंडावर आला की पुण्याच्या आसपासच्या बचाव पथकांतली माणसं रात्री फोन उशाशी घेऊन झोपतात. लोणावळा, ताम्हिणी, मुळशी, सिंहगड, राजगड, वरंध घाट. कॉल कुठूनही येतो आणि शनिवार-रविवारी हमखास येतो. मी अशाच एका पथकाबरोबर बरीच वर्षं जातो आहे. कड्यावरून खाली उतरणाऱ्यांतला मी नव्हे. दोर ओढायचा, सामान वाहायचं, वॉकीटॉकी सांभाळायचा आणि नातेवाइकांजवळ थांबायचं, ही माझी कामं. शेवटचं सगळ्यात जड.

पथकाचं काम म्हणजे अडकलेल्याला सोडवणं, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. ते आहेच. पण कितीतरी वेळा पथक पोचतं तेव्हा माणूस गेलेला असतो, किंवा तो गेल्याचं आधीच कळलेलं असतं, आणि तरीही त्याला वर आणायचं असतं. या दुसऱ्या कामाबद्दल आपण फारसं बोलत नाही. मला त्यातल्या एकाच प्रश्नावर बोलायचं आहे: गेलेल्या माणसासाठी जिवंत माणसाने किती धोका पत्करावा, आणि 'आता थांबू या' हे कुणी म्हणायचं?

मागच्या पावसाळ्यात एका घाटात एक तरुण कड्यावरून पडला. संध्याकाळी धुकं जरा विरळ झालं तेव्हा ड्रोनमधून तो दिसला. पथकाबरोबरच्या डॉक्टरांनी पडदा मोठा करून बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. शंका घ्यायला जागा नव्हती. वरून दगड सुटत होते, पाऊस थांबायचं नाव नव्हतं, अर्ध्या तासात अंधार पडणार होता. प्रमुखांनी सांगितलं, उजाडल्यावर उतरू. त्या मुलाच्या काकांनी प्रमुखांची कॉलर धरली. तिथे जमलेल्या एका पुढाऱ्याने 'पोरं घाबरली' असं मोठ्याने म्हटलं आणि रात्रभर तोच मेसेज सगळीकडे फिरला. सकाळी धुकं उठलं, तीन तासांत मृतदेह वर आला, पथकातल्या कुणाला खरचटलंही नाही. रात्री कुणी उतरलं असतं तर काय झालं असतं हे कधीच सिद्ध होणार नाही. अशा निर्णयाची अडचण हीच असते. तो बरोबर असेल तर काहीच घडत नाही, आणि काही घडलं नाही म्हणून तो बरोबर होता हे कुणाला दिसत नाही.

उलटं घडलं की मात्र सगळ्यांना दिसतं. दापोडीत १ डिसेंबर २०१९ ला ड्रेनेजच्या खड्ड्यात एक मजूर मातीखाली गेला. त्याला काढायला धावलेलेही अडकले, त्यांना काढायला अग्निशमन दलाचे जवान उतरले आणि माती पुन्हा ढासळली. मजूर गेला आणि एक जवानही गेला. तिथे तर माणूस जिवंत असण्याची आशा होती. रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीत १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली तेव्हा डोंगर चढतानाच अग्निशमन दलातल्या एकाला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. वर रस्ता नाही, यंत्रं नेता येईनात. कुदळ-फावड्यांनी माती उपसली. २७ मृतदेह निघाले, ५७ जण सापडले नाहीत आणि २३ जुलैला नातेवाइकांशी बोलून शोध थांबवला. तो थांबवणं किती अवघड गेलं असेल याची मला कल्पना करता येते. तरी मला तो निर्णय योग्य वाटतो.

माझं मत सरळ आहे. मृतदेह आणलाच पाहिजे, त्यासाठी कष्ट, वेळ, झोप, सगळं द्यावं. पण आणखी एका घरात तसाच फोन जाईल अशी शक्यता दिसत असेल तर थांबावं, आणि थांबण्याचा शब्द पथकप्रमुखाचा असावा. घरच्यांचा नाही, पुढाऱ्याचा नाही, कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्यांचा तर नाहीच.

ज्यांनी असं थांबणं नातेवाईक म्हणून अनुभवलं आहे त्यांनी लिहिलं तर फार उपयोग होईल. वेगळं मत असेल तरी लिहा.

कोथरूडचा_वाचक

मला मूळ प्रश्नच पटत नाही. पाटी लावलेली असताना, पोलिसांनी अडवलेलं असताना जो माणूस धबधब्यात उतरतो त्याच्यासाठी दुसऱ्याच्या मुलाने दरीत का जावं? दिवसा नको आणि रात्रीही नको. एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आहे, त्यांना पगार आहे, त्यांनी बघावं. आणि वाचलेल्यांकडून बचावाचा सगळा खर्च वसूल करा. एकदा तसं झालं की गर्दी आपोआप कमी होईल.

घाटमाथा

@कोथरूडचा_वाचक, तुमचा राग समजतो. पण माळीणच्या लोकांनी कुठली पाटी ओलांडली होती? ३० जुलै २०१४ ला सकाळी घरात असलेली माणसं डोंगराखाली गेली, १५१ जीव गेले. गाव जागेवर नाही हे तिथे पोचलेल्या एसटीच्या चालकाच्या लक्षात आलं, तेव्हा बाहेर कळलं. कुंडमळ्याला १५ जून २०२५ च्या रविवारी इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, चार जण गेले, पन्नासच्या वर जखमी झाले. तिथे गर्दी झाली होती हे खरं, धोक्याची सूचना होती हेही खरं. तरी पाण्यात पडलेल्यांत लहान मुलं होती.

एनडीआरएफची पाचवी बटालियन आपल्याजवळच आहे, तळेगावशेजारी सुदुंबऱ्याला. ती माणसं जे करतात त्याला तोड नाही. पण त्यांच्याकडे आख्खं राज्य आहे, आणि पूर-दरडीच्या दिवसांत तुकड्या कोल्हापूर-रायगडला गेलेल्या असतात. तैलबैलाच्या कुठल्या घळीतून खाली उतरता येतं हे त्या भागात फिरलेल्यालाच माहीत असतं. म्हणून लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र, मावळातले वन्यजीव रक्षक, खोपोलीचे यशवंती हायकर्स यांना पोलीस स्वतः फोन करतात.

खर्च वसूल करण्याबद्दल: पैसे भरावे लागतील या भीतीने लोक उशिरा फोन करतील. दुपारी चारला आलेला कॉल आणि रात्री नऊला आलेला कॉल यांत एक जीव जाऊ शकतो.

नदीकाठ

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझा धाकटा भाऊ धरणाच्या खालच्या अंगाला बुडाला. कुठलं धरण, कुठलं साल हे लिहीत नाही. आम्ही तीन दिवस काठावर होतो. पहिल्या संध्याकाळी पथकाने शोध थांबवला तेव्हा मी त्या मुलांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती मुलं माझ्या भावाच्याच वयाची होती.

त्या वेळी मला कुणी विचारलं असतं, उतरायचं का, तर मी म्हटलं असतं, उतरा, काहीही होवो. तुम्ही बुडालात तरी चालेल असंच माझ्या मनात होतं. म्हणूनच तो निर्णय माझ्या हातात असू नये. घाटमाथा म्हणतात ते मला आज पूर्ण पटतं, पण काठावर बसलेल्या बाईला ते पटेल अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. तिला पटवत बसू नये. तिच्याजवळ बसावं.

दुसऱ्या दिवसापासून एक बदल झाला. पथकातला एक मुलगा थोड्या थोड्या वेळाने येऊन सांगायचा: ताई, हा डोह झाला, गळ टाकून पाहिलं, आता त्या खडकाच्या मागे बघतोय, पाणी कमी करायला कळवलंय. काही सापडलं नव्हतं तरी यायचा. 'सापडेल' असं तो एकदाही म्हणाला नाही. मी त्याच्यावर विश्वास ठेवला तो त्यामुळेच.

आणि कोथरूडचा_वाचक, मृतदेह कशाला हवा हे ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. मृतदेह नसेल तर माणूस बेपत्ता असतो. बेपत्ता माणूस कायद्याने मेला असं धरायला एरवी सात वर्षं जावी लागतात. तोवर बँक, विमा, त्याच्या नावावरची गाडी, सगळं अडकतं. भावाची बायको तेव्हा सव्वीस वर्षांची होती. तिसऱ्या दिवशी तो सापडला म्हणून तिची पुढची सात वर्षं वाचली. बाकी आईचं काय झालं असतं ते मी सांगत नाही.

मीरा_सिंहगडरोड

नदीकाठ ताई, तुम्ही लिहिलंत याबद्दल आभार. वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

डॉ_शवागार

मी न्यायवैद्यक विभागात काम केलं आहे. पथकांना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी.

बुडालेला माणूस आधी बहुधा तळाला जातो. आतड्यांतल्या जंतूंमुळे वायू तयार झाला की वर येतो. पाणी कोमट असेल तर दोन-तीन दिवसांत, थंड आणि खोल पाण्यात बराच उशिरा. खडकाच्या कपारीत किंवा झाडाच्या मुळांत अडकला असेल तर वर येतही नाही. त्यामुळे पहिल्या रात्री जीव धोक्यात घालून बुड्या मारणं आणि पुढचे दिवस काठाने नजर ठेवणं यांत दुसऱ्या मार्गानेही मृतदेह सापडू शकतो, हे घरच्यांना कुणीतरी शांतपणे सांगायला हवं. नदीकाठ यांना भेटलेल्या मुलाने ते फार चांगलं केलं.

कड्याखालच्या मृतदेहाबाबत घरच्यांना भीती असते की रात्र गेली तर 'पुरावा' जाईल, शवविच्छेदनात काही कळणार नाही. उंचावरून पडण्याच्या जखमा एका रात्रीत पुसल्या जात नाहीत. त्या कारणासाठी अंधारात उतरायची गरज नाही.

माळीणसारख्या ठिकाणी दुसरी भीती पसरते, मृतदेहांमुळे साथ येईल, लवकर पुरा, लवकर जाळा. जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं आहे की आपत्तीत दगावलेल्यांच्या मृतदेहांमुळे साथी येत नाहीत. घाईने सामूहिक अंत्यविधी केले की ओळख पटायची राहते आणि नुकसान त्याचं होतं. हाताळणाऱ्याने मात्र काळजी घ्यावी: जाड हातमोजे, जखमा झाकलेल्या, हिपॅटायटिस बीची लस घेतलेली. प्रत्येक मृतदेहाला लगेच क्रमांक द्या, आहे त्या स्थितीत फोटो घ्या, अंगावरच्या वस्तू त्याच क्रमांकाच्या पिशवीत ठेवा. ओळख केवळ चेहऱ्यावरून पटवू नका. धक्क्यातल्या नातेवाइकाला चेहरा दाखवला तर तो चुकीच्या माणसालाही 'हो' म्हणतो, हे मी पाहिलं आहे. कपडे, अंगठी, जुनी शस्त्रक्रिया, दात, यांनी खात्री करा.

कड्यावरची

मी उतरणाऱ्यांतली आहे, म्हणून तिकडून लिहिते. घाटमाथा दादांशी ऐंशी टक्के सहमत.

बघणाऱ्याला वाटतं दोर टाकला, बांधलं, ओढलं. वर दोन वेगवेगळे अँकर, म्हणजे दोर बांधायचे पक्के आधार लागतात, दोन दोर लागतात, एक भार घेतो आणि दुसरा तो तुटला तर. कड्याच्या कडेला दोर घासतो तिथे संरक्षण लावावं लागतं. पुल्या लावून तीनास एक अशी रचना केली की ताकद कमी लागते, पण स्ट्रेचर एक मीटर वर यायला तीन मीटर दोर ओढावा लागतो. दोनशे फूट दरी असेल तर किती दोर ओढायचा ते मोजा, आणि तोही चिखलात उभं राहून. स्ट्रेचरबरोबर एकजण लटकत वर येत असतो, तो खडकापासून दूर ढकलत राहतो. सह्याद्रीच्या कड्याला टप्पे असतात, प्रत्येक टप्प्यावर सुटा दगड-गोटा आणि ओलं गवत. वरचा दोर जरा सरकला की ते सगळं खालच्या माणसाच्या डोक्यावर. दिवसा 'दगड!' असं कुणी ओरडलं तर कुठे सरकायचं ते दिसतं. रात्री हेडलॅम्पच्या उजेडात दिसत नाही, धुक्यात तर तो उजेडच डोळ्यावर परततो. जिवंत माणूस असेल तर यातलं सगळं माहीत असूनही आम्ही उतरतो.

उरलेले वीस टक्के. 'उजाडेपर्यंत थांबा' हा नियम करू नका. एकदा ओढ्याच्या पात्रात, धबधब्याच्या खालच्या कुंडाजवळ मृतदेह होता आणि वर पाऊस वाढत होता. सकाळपर्यंत तो तिथे राहिलाच नसता, वाहून कोकणात गेला असता. महाडला २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा पूल गेला तेव्हा दोन एसटी बस वाहून गेल्या, मृतदेह पार समुद्राच्या दिशेने कितीतरी लांब मिळाले. म्हणून त्या ओढ्यात आम्ही त्याच संध्याकाळी उतरलो, कारण पाण्याच्या बाहेर राहून, दोरावर राहून तिथे पोचता येत होतं. पाण्यात उतरावं लागलं असतं तर नसतो गेलो. जंगलात रात्रभर ठेवायचं असेल तर जनावरांचाही विचार करावा लागतो. अशा वेळी दोघांना सुरक्षित जागी बसवून नजर ठेवता येते का ते पाहतो.

आमच्याकडे एक गोष्ट पक्की आहे. प्रमुख 'हो' म्हणाला तरी उतरणारा 'नाही' म्हणू शकतो, आणि त्याला कारण विचारायचं नाही. त्या दिवशीही नाही, नंतर चहा पिताना तर मुळीच नाही.

घाटमाथा

@कड्यावरची ताई, ओढ्याचं उदाहरण महत्त्वाचं आहे. वाहत्या पाण्यात थांबण्याची किंमत वेगळी असते, मान्य. पाण्याबद्दल भर घालतो: बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी वरून शांत दिसतं पण आत उलटं फिरत असतं, सापडलेल्याला पुन्हा पुन्हा खाली घेतं. लाइफ जॅकेट घातलेला माणूसही तिथून सुटत नाही. पोहता येतं म्हणून उडी टाकणारे तिथेच जातात. भुशी धरणाच्या वरच्या धबधब्यात ३० जून २०२४ ला हडपसरचं एक कुटुंब वाहून गेलं तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. 'कुणी उडी का नाही मारली' असं खाली लिहिणारे शेकड्याने होते. उडी मारली असती तर शोधायला आणखी एक जण वाढला असता.

माजी_खाकी

मी पोलीस दलातून निवृत्त झालो, शेवटची बरीच वर्षं ग्रामीण भागात काढली. सगळ्यांनी चांगलं लिहिलं आहे, माझ्या बाजूचं लिहितो.

असा मृत्यू झाला की आम्ही आकस्मिक मृत्यू दाखल करतो. इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे मृतदेहाचा पंचनामा, करावाच लागतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १९४. रीतसर म्हणजे मृतदेह आहे त्या जागी पोलिसाने पाहायचा. आता साठीकडे झुकलेला हवालदार तीनशे फूट दोरावरून खाली कसा जाणार? म्हणून खाली जाणाऱ्या मुलांवरच सगळं अवलंबून. त्यांनी हलवण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढावेत, हात-पाय कसे आहेत, बूट कुठे पडला, पिशवी कुठे, मोबाईल कुठे, सगळं यावं. उद्या कुणी 'पडला नाही, ढकलला' म्हणालं तर तेच फोटो कामी येतात. वस्तू वर आणल्या की तिथल्या तिथे यादी करून सही घेऊन पोलिसांच्या ताब्यात द्याव्यात. पाकीट, चेन, अंगठी यावरून मुलांवर आळ आल्याचं मी पाहिलं आहे. जीव धोक्यात घालून वर यायचं आणि चेनसाठी चौकशीला बसायचं, हे फार वाईट.

प्रमुखाचा शब्द शेवटचा, हे बोलायला ठीक. पुढारी आल्यावर तो शब्द टिकवायला पोलीस लागतो. मी माझ्या काळात जागेवर गेलो की पहिल्यांदा दोरी बांधून लोकांना मागे सारायचो आणि सगळ्यांसमोर सांगायचो, उतरायचं की नाही हे ही मुलं ठरवतील, कुणाला काही म्हणायचं असेल तर मला म्हणा. शिव्या आम्हाला द्या, आम्हाला सवय आहे.

मावळचा_पोरगा

शहरातल्या पथकांचं कौतुक व्हायलाच पायजे, पण एक राहून जातंय. पथक यायच्या आधी गावातली माणसं उतरलेली असतात. आमच्याकडं नदीत कुणी गेलं की पहिला फोन ठाण्यात जातो आणि दुसरा वस्तीवर जातो. मासेमारी करणारे आमचे कातकरी भाऊ पाण्याचा तळ पायानं ओळखतात. कुठल्या कपारीत पाणी ओढतं, कुठं भोवरा हाय, कुठं मागच्या साली सापडला होता, त्यांना विचारावं लागतं. त्यांच्याकडं ना जॅकेट ना हातमोजा. मृतदेह काढून दिल्यावर काठावरचे लोक त्यांच्यापासून लांब सरकतात. पेपरात 'स्थानिकांच्या मदतीने' एवढं एका ओळीत येतं.

तुम्ही म्हणताय थांबायचा हक्क प्रमुखाला. यांचा प्रमुख कोण? पुढारी म्हणाला मार बुडी, तर त्याला नाही म्हणायची सोय नाही, उद्या त्याच्याच दारात काम मागायला जायचं असतं. आणि त्याला काय झालं तर त्याच्या घरच्यांना कोण बघणार?

घाटमाथा

@मावळचा_पोरगा, या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही लिहिलंत असं मला वाटतं. पथक पोचल्याक्षणी स्थानिक बुडी मारणारे पथकाचा भाग झाले पाहिजेत: त्यांना जॅकेट, कमरेला दोर, आणि 'नाही' म्हणण्याचा तोच हक्क. तो त्यांच्यासाठी आपण पुढे होऊन बजावायचा.

विम्याचं: केंद्राच्या 'आपदा मित्र' योजनेत स्वयंसेवकांना बारा दिवसांचं प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमा अशी तरतूद आहे. गावागावांतल्या या माणसांची नावं त्यात घालायला जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात, पाठपुरावा करायला हवा. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं मोटार वाहन कायद्यातलं कलम १३४ अ आहे, पण ते रस्त्यावरच्या वाहन अपघातापुरतं. दरीत किंवा डोहात उतरणाऱ्याला त्याचा आधार नाही. माझ्या मते तो मिळायला हवा.

रात्रपाळी

माझा नवरा तुमच्यासारख्याच एका पथकात आहे. पंधरा वर्षं संसार झाला, पैकी कुठलाही पावसाळा शांत गेलेला आठवत नाही.

जिवंत माणूस वाचवून आला की तो दारातूनच बोलायला लागतो. मृतदेह काढून आला की आधी बाहेरच्या नळावर हात धुतो, खूप वेळ धुतो. कपडे स्वतः भिजवतो, मला हात लावू देत नाही. मग दोन-तीन दिवस जेवतो कमी. लहान मूल असेल तर जास्त दिवस. मी विचारत नाही, सांगितलं तर ऐकते. मागे एकदा महिनाभर झोप नव्हती, तेव्हा त्यांच्या प्रमुखांनी स्वतः घरी येऊन त्याला समुपदेशकाकडे नेलं आणि पुढचे काही कॉल फक्त गाडी चालवायला घेतलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. प्रत्येक पथकात हे बघणारं कुणी असतं का? विशी-एकविशीच्या मुलांना मृतदेहाला हात लावायला पाठवू नये असं मला फार वाटतं. दोर ओढू द्या, सामान आणू द्या. बाकीचं वय झाल्यावर.

आणि प्लीज, बॉडी बॅगसोबत गटाचे फोटो टाकणं बंद करा. तुम्हाला ते कामाची नोंद वाटतं. ते ज्याचं माणूस आहे त्याच्या फोनवरही जातं. मुलाच्या वर्गातल्या एकीने तिच्या मामाचा असा फोटो आधी पाहिला आणि बातमी नंतर कळली.

कड्यावरची

रात्रपाळी ताई, आमच्या गटात फोटोचा नियम आता कडक आहे. पोलिसांसाठी काढलेले फोटो एकाच फोनमध्ये, पोलिसांना दिले की काढून टाकायचे. बाकी कुणी फोन बाहेर काढायचा नाही. काठावरच्या गर्दीचं मात्र काही करता येत नाही. आम्ही चादर धरून उभे राहतो.

हिंजवडी_ते_घर

मी ट्रेकला जातो, तब्येत चांगली आहे, अशा कामात यायचं आहे. पुढचा कॉल आला की थेट जागेवर येऊ का?

घाटमाथा

@हिंजवडी_ते_घर, यायचं मनात आणलंत हेच मोठं आहे. थेट जागेवर मात्र येऊ नका. अनोळखी, न शिकलेला माणूस दरीच्या काठाला आला की त्याला सांभाळायला आमचा एक माणूस जातो. आधी प्रथमोपचार शिका, नीट, प्रमाणपत्रासाठी नाही. मग गिर्यारोहण संस्थांचे दोरकामाचे वर्ग असतात ते करा. पावसाळा संपल्यावर सुरू होतात. पथकांच्या सरावाला या, वर्षभर नियमाने आलात की प्रमुख आपोआप ओळखतील. सुरुवातीची कितीतरी कामं वर रस्त्यावर असतात: गाड्यांची सोय, खाणं, बॅटऱ्या, कोण खाली गेलं आणि कोण वर आलं याची वही. ती वही चुकली तर रात्री कुणीतरी खाली राहू शकतं.

आणि ट्रेकला जाताना स्वतःसाठी: अपघात झाला तर ११२ ला फोन करून लोकेशन पाठवा, मग जागा सोडू नका. फोनची बॅटरी फोटोंत संपवू नका.

कोथरूडचा_वाचक

नदीकाठ यांचा प्रतिसाद वाचल्यावर पहिल्यासारखं लिहवत नाही. बंदी मोडणाऱ्याला दंड व्हावा हे माझं मत कायम आहे, पण पैशांच्या भीतीने फोन उशिरा येतील हे घाटमाथा यांचं म्हणणं पटलं, म्हणून तो बचावाशी न जोडता वेगळा घ्यावा. पण 'कशाला आणायचं' हे मी मागे घेतो. आमच्या सोसायटीचा गणपतीचा निधी आहे, त्यातून एखाद्या पथकाला काही देता येईल का? स्ट्रेचर, दोर, काय हवं असतं?

कड्यावरची

नक्की देता येईल. फक्त स्वतः दुकानातून दोर आणून देऊ नका. आम्हाला कमी ताणाचा, ठरावीक जाडीचा, प्रमाणित दोर लागतो आणि त्यावर बनवल्याची तारीख लागते. न वापरताही दहा वर्षांच्या वर तो ठेवत नाहीत, आणि कड्यावर घासला किंवा मोठा झटका बसला की त्याच दिवशी बाद. लोक प्रेमाने जुने दोर देतात आणि आम्हाला ते कापून सामान बांधायला वापरावे लागतात. पथकाला विचारा, ते यादी देतील. हातमोजे, बॉडी बॅग, बॅटऱ्या, डिझेल या गोष्टींना कुणी निधी देत नाही, आणि दर वेळी त्याच लागतात. मावळचा_पोरगा यांच्या गावासाठी चार लाइफ जॅकेट आणि दोर घेतलात तर माझ्या मते सगळ्यात चांगलं.

मावळचा_पोरगा

ताई, जॅकेट आली तर वस्तीवरच ठेवू, ठाण्यात नको. ठाण्यात कुलूप असतं.

माजी_खाकी

बरोबर बोललात. वस्तीवरच ठेवा, ठाण्यात फक्त नोंद द्या.

घाटमाथा, पथकांसाठी एक पानाचा नमुना करून द्यायची माझी तयारी आहे: फोटो कुठले घ्यायचे, वस्तूंची यादी, ताबा दिल्याची सही, शोध थांबवला तर कुणी, किती वाजता आणि कोणत्या कारणाने थांबवला त्याची नोंद. हवामान आणि उजेड लिहून ठेवला, त्याखाली हजर पोलिसाची सही असली की दुसऱ्या दिवशी कुणी 'घाबरली' म्हणालं तर कागद दाखवता येतो. डॉक्टरांनी एकदा नजर घातली तर बरं होईल.

डॉ_शवागार

जरूर पाठवा. क्रमांकाच्या रकान्यात तारीख, ठिकाण आणि अनुक्रम तिन्ही ठेवा. नुसता १, २, ३ ठेवलात तर दोन जागांचे मृतदेह एका शवागारात आल्यावर गोंधळ होतो.

घाटमाथा

माजी_खाकी काका, डॉक्टर, दोघांनाही व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. मावळचा_पोरगा, तुमच्या वस्तीवर आम्ही दोघं-तिघं जॅकेट घेऊन येऊ आणि दोर बांधायचं एकदा करून पाहू. पाऊस सुरू व्हायच्या आत यायचं आहे, तेव्हा सगळी माणसं घरी असतील असा दिवस तुम्हीच सांगा.